जत्रा रद्द होते, चंदी रद्द होत नाही

मी हरसूलचा. नाशिकहून गिरणारे ओलांडून वाघेरा घाट चढून आलात, की भाताची खाचरं आणि नागली-वरईचे उतार लागतात. तिथंच त्र्यंबकेश्वर तालुक्यातलं आमचं हे बाजाराचं गाव आहे. पावसाळ्यात चार महिने इथं आभाळ खाली उतरतं. अशा ओल्या मुलखात कुणी घोडी पाळतं का, असं मला बरेचजण विचारतात. आम्ही पाळतो. माझे थोरले भाऊ, ज्यांना मी आणि सगळा गाव दादा म्हणतो, ते घोडी सांभाळतात आणि मी त्यांची वही सांभाळतो. नोकरीत असताना आयुष्यभर लोकांचे हिशेब लिहिले, निवृत्त झाल्यावर घरच्या घोड्यांचे लिहायला घेतले. आज बोलायचं आहे ते त्या वहीबद्दलच. जत्रा, शर्यती, स्पर्धा रद्द झाल्या म्हणजे घोड्यावर पोट असणाऱ्या माणसाचं काय होतं आणि तो त्यातून कसा निभावतो, हे मला माझ्या वहीतून सांगायचं आहे.

आधी या धंद्याचा हिशेब थोडक्यात सांगतो. 2019 साली आमच्या पागेत तीन मोठी जनावरं होती. राणी ही जुनी घोडी, मोहरा हा घोडा आणि नवी आणलेली चंद्री. शिवाय राणीचं एक शिंगरू. एका घोडीला दिवसाला तीन किलोच्या आसपास चंदी लागते, म्हणजे हरभरा, मका, गव्हाचा कोंडा. वर कडबा किंवा गवत. त्या वेळच्या भावानं दिवसाला दीडशे रुपये एका जनावराचे. शिंगराला त्याच्या निम्मे. महिन्याला पावणेसोळा हजार रुपये नुसत्या खाण्याचे झाले. दर चाळीस दिवसांनी नालबंद येतो, त्याचे एका जनावरामागे साडेसातशे. औषधपाणी वेगळं. असे महिन्याला अठरा हजार, म्हणजे वर्षाला दोन लाख सोळा हजार रुपये जातात. खरारा करणं, फिरवून आणणं, लीद काढणं ही कामं दादा आणि पुतण्या करतात, त्यांची मजुरी मी वहीत धरलेलीच नाही. धरली असती तर वही लिहायची हिंमत झाली नसती.

आता जमेची बाजू. लग्नाच्या वराती वर्षाला साधारण पस्तीस. आमच्या इकडच्या आदिवासी लग्नात नवरदेव घोड्यावर बसायची रीत पूर्वी नव्हती, आता हौस आली आहे; पण खरं गिऱ्हाईक त्र्यंबकचं, गिरणाऱ्याचं, जव्हारकडचं. एका वरातीचे साडेचार हजार धरले तर दीड लाखाच्या थोडे वर. दुसरी जमा म्हणजे वर्षाकाठी एक शिंगरू किंवा तयार केलेलं जनावर सारंगखेड्याला विकायचं, त्याचे लाख-सव्वा लाख. दोन्ही मिळून पावणेतीन लाख. खर्च वजा जाता महिन्याला पाच हजार रुपये हाती राहतात. एवढाच हा धंदा आहे. लांबून फेटा आणि झूल दिसते, त्यामुळे लोकांना तो मोठा वाटतो.

सारंगखेडा बऱ्याच श्रोत्यांना ठाऊक असेल. नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यात तापीकाठी एकमुखी दत्ताचं देवस्थान आहे. दत्तजयंतीला तिथं यात्रा भरते आणि यात्रेबरोबर घोड्यांचा बाजार भरतो. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून व्यापारी येतात. अलीकडच्या वर्षांत चेतक फेस्टिव्हल या नावानं तिथं घोड्यांच्या स्पर्धा होतात. रूपाच्या, चालीच्या, नाचाच्या. दादा तिथं घोडी नाचवतात. रेवाल चाल, मागच्या पायांवर उभं राहणं, ढोलाच्या ठेक्यावर पाय उचलणं, हे सगळं शिकवायला वर्ष-दीड वर्ष जातं.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. स्पर्धेचं बक्षीस ही या धंद्यातली कमाई नव्हे. वहीत मी दहा वर्षांची बक्षिसं मांडली, तेव्हा ट्रक भाड्यालासुद्धा ती पुरली नव्हती. मग स्पर्धेला जायचं कशाला? तर घोडी चारचौघांत नाचली, की व्यापाऱ्याच्या डोळ्यांत भरते आणि तिची किंमत वाढते. वराती ठरवणारा बँडवाला तिथंच नंबर लिहून घेतो. पुढच्या वर्षीच्या वराती डिसेंबरच्या त्या आठवड्यात ठरतात. म्हणजे स्पर्धा हे आमचं दुकान उघडं ठेवण्याचं ठिकाण. स्पर्धा रद्द झाली तर बक्षीस बुडालं एवढंच लोकांना दिसतं. खरं म्हणजे गिऱ्हाईक बुडतं, भाव बुडतो आणि पुढचं सगळं वर्ष बुडतं.

2020 साली आमच्यावर तेच आलं. 2019 च्या डिसेंबरात दादांनी सारंगखेड्याहून चंद्री आणली. एक लाख ऐंशी हजारांना. पांढरीशुभ्र, नुकरा जातीची, वरातीला अशीच घोडी हवी असते. दीड लाख रुपये पतसंस्थेचं कर्ज, महिना साडेपाच हजार हप्ता. पुढल्या डिसेंबरात चंद्रीला नाचात उतरवायचं आणि राणीचं शिंगरू विकायचं, असा बेत होता. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सोळा वराती झाल्या. मग टाळेबंदी आली. चैत्र-वैशाखातली खरी तिथी सगळी गेली. एकोणीस वराती बुडाल्या, म्हणजे पंच्याऐंशी हजार रुपये.

पहिला प्रश्न आला तो बयाण्याचा. अकरा घरांनी आगाऊ पैसे दिलेले होते आणि त्यांची कडब्याची गंजी होऊन बसली होती. लोकांचे फोन यायला लागले. ज्यांनी लग्न पुढे ढकललं, त्यांचा बयाणा आम्ही तसाच नव्या तारखेला धरला. ज्यांनी घरातल्या घरात चार माणसांत उरकून घेतलं, त्यांना निम्मे पैसे परत देतो म्हटलं आणि चार महिन्यांत हप्त्यानं दिले. दादांना ते जड गेलं. पण त्यातल्या तीन घरांनी पुढे धाकट्या मुलाच्या लग्नाला आम्हालाच बोलावलं. स्पर्धा किंवा कार्यक्रम भरवणाऱ्यांनीही प्रवेश फीचं असंच धोरण आधी लिहून ठेवावं, असं मला वाटतं. रद्द झालं तर किती परत, पुढे ढकललं तर काय, हे आधी ठरलेलं असलं म्हणजे नंतर तोंडं फिरत नाहीत.

दुसरा प्रश्न हप्त्याचा. रिझर्व्ह बँकेनं मार्च 2020 मध्ये कर्जाच्या हप्त्यांना सवलत दिली, आधी तीन महिने आणि मग ऑगस्टअखेरपर्यंत. टीव्हीवर ऐकून दादा निर्धास्त झाले. मला त्यांना सांगावं लागलं, की ही सवलत बँकांच्या कर्जाला आहे. पतसंस्था सहकार खात्याच्या कायद्याखाली चालतात, त्यांना ती आपोआप लागू होत नाही. आणि बँकेतही हप्ता थांबला तरी व्याज थांबत नव्हतं. आम्ही संस्थेत जाऊन अर्ज दिला, नुसतं व्याज भरत राहू म्हणून सांगितलं, आणि त्यांनी सहा महिने ते मान्य केलं. सांगायचं एवढंच, की हप्ता चुकण्याआधी जाऊन बसलं, तर समोरचा माणूस ऐकून घेतो. चुकल्यावर गेलं तर तो कागद दाखवतो.

तिसरा प्रश्न खर्चाचा, आणि तिथं आमची चूक झाली. ती सांगायला मला आजही संकोच वाटतो, पण सांगितली पाहिजे. दर महिन्याला अठरा हजार जात होते आणि येत काहीच नव्हतं. मी वही उघडून दादांना म्हटलं, चंदी निम्मी करा आणि कडब्याऐवजी आपला भाताचा पेंढा घाला. दादा गप्प बसले. वहिनी म्हणाल्या, "भावजी, विकायचं ते विका, पण खाणं तोडू नका." मी ऐकलं नाही. जून-जुलै असे दोन महिने आम्ही साधारण नऊ हजार वाचवले. ऑगस्टच्या झडीत पेंढा दमट झाला, आतून बुरसला, आणि एका रात्री राणीनं पोटाकडे वळून वळून बघायला सुरुवात केली. खाली बसायची, लोळायची, पुन्हा उठायची. पोटशूळ. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटात गेलेलं वाईट तोंडावाटे बाहेर येत नाही. म्हणून पोटशूळ त्याच्या जिवावर बेततो. डॉक्टर पहाटे पोचले. तोवर भर पावसात कंदील धरून दादा आणि पुतण्या तिला पाच तास चालवत होते आणि मी पडवीत उभा राहून बघत होतो. राणी वाचली. डॉक्टर, सलाईन, औषधं आणि गाडीभाडं मिळून अकरा हजार दोनशे रुपये झाले. ते आकडे मी वहीत नऊ हजारांच्या शेजारी लिहून ठेवले आहेत.

तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे. काटकसर करायची तर झुलीत, ट्रकात, आपल्या ताटात. तोबऱ्यात नाही. जनावर कामाला नसतं तेव्हा त्याला दाणा थोडा कमी चालतो, डॉक्टरही तसं सांगतात; पण तो हळूहळू कमी करायचा आणि सुका चारा पोटभर द्यायचा.

मग वाचवायचं कशात? आम्ही तीन गोष्टी केल्या. दहा गुंठ्यांत मका आणि हत्तीगवत लावलं, त्यामुळे दिवाळीपर्यंत हिरव्या चाऱ्याचा खर्च निम्म्यावर आला. लीद आम्ही आधी उकिरड्यावर टाकत होतो, ती कुजवून रोपवाटिकेला विकायला लागलो. आमच्या बाजूला सुरगाण्याकडे स्ट्रॉबेरी होते, तिकडचेही दोघे-तिघे न्यायला आले. पैसे थोडेच, पण नालबंदाचा खर्च त्यात सुटला. आणि मोहऱ्याच्या पाठीवर, जिथं गाडी जात नाही अशा पाड्यांवरून नागलीची पोती खाली आणली. नाचणारा घोडा पोती वाहतो म्हणून दादांना आधी कमीपणा वाटला. मी म्हटलं, आपल्या आबांनी याच घाटात आयुष्यभर हेच केलं.

एवढं करूनही भागलं नाही. डिसेंबर 2020 ची सारंगखेड्याची यात्रा रद्द झाल्याचं कळलं, तेव्हा दादा दिवसभर पागेतून बाहेर आले नाहीत. विकायचं ठरलं होतं ते शिंगरू दीड वर्षाचं झालं होतं. अंगानं भरलेलं, पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा. बाजारात सव्वा लाखाला कुणीही नेलं असतं. पण बाजारच नव्हता. एक व्यापारी घरी आला. त्यालाही आमची अडचण ठाऊक होती. त्यानं चंद्रीचे नव्वद हजार आणि शिंगराचे सत्तर हजार सांगितले. दादांना दोन्ही नाही म्हणायचं होतं. आम्ही त्या रात्री जेवणानंतर वही मध्ये ठेवून बसलो. चंद्री विकली तर कर्ज राहतं आणि कमावणारी घोडी जाते. काहीच नाही विकलं तर फेब्रुवारीत चंदीला पैसे नाहीत. शिंगरू कमावत नाही, खातं मात्र. दादा म्हणाले, "तुझी वही बरोबर सांगते, पण वहीला डोळे नाहीत." सकाळी शिंगरू दिलं. दावं आपल्याकडे ठेवायची आमच्या घरची रीत आहे, ते आजही खुंटीला आहे.

पुढच्या वर्षी पुन्हा तेच. एप्रिल 2021 मध्ये राज्यात लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास एवढीच मुभा उरली. वरात कसली निघणार? त्या सत्तर हजारांनीच आम्हाला तो उन्हाळा काढून दिला. डिसेंबर 2021 मध्ये सारंगखेड्याला घोडे पुन्हा आले. आम्ही चंद्रीला घेऊन गेलो. तिथं दादांना ते शिंगरू दिसलं. आता उमदा घोडा झाला होता, भोवती गर्दी होती आणि मालक साडेतीन लाख सांगत होता. घोड्यानं दादांचा आवाज ओळखला, कान टवकारले. दादा काही न बोलता पुढे गेले. मी त्यांना म्हटलं, दादा, चुकलं का आपलं? ते म्हणाले, "चुकलं नाही. चुकलं असतं तर हे तिघं इथं नसते." त्यांना त्याचं वाईट वाटतं आणि निर्णय बरोबर होता, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

श्रोतेहो, हे फक्त आमचंच नाही. मार्च 2020 मध्ये मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरच्या शर्यतीही थांबल्या. पण तिथल्या आणि आमच्या व्यवहारात एक फरक आहे. तिथं घोड्याचा मालक वेगळा आणि त्याला तयार करणारा ट्रेनर वेगळा. मालक दर महिन्याला घोडा सांभाळण्याचे पैसे ट्रेनरला देतो, घोडा धावो न धावो. म्हणजे धोका दोघांत वाटला जातो. आमच्याकडे मालक, ट्रेनर, मोतद्दार सगळं एकच घर. माथेरानला मोटारींना बंदी असल्यानं शेकडो कुटुंबं घोड्यांवर जगतात. पर्यटक बंद झाले तेव्हा तिथल्या घोड्यांना काही संस्थांनी चारा पोचवला.

बैलगाडा शर्यतींचंही उदाहरण आहे. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं त्या बंद झाल्या. 2017 मध्ये राज्यानं कायदा बदलला, पण उच्च न्यायालयाची स्थगिती आली. डिसेंबर 2021 मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठानं तो कायदा कायम ठेवला. जनावराला चाबूक आणि काठीनं मारू नये हे न्यायालयाचं म्हणणं मला पटतं. पण मधल्या साडेसात वर्षांत ज्यांनी शर्यतीचे बैल सांभाळले, त्यांनी ते पदरमोडीनं सांभाळले. परवानगी मिळाली आणि सप्टेंबर 2022 मध्ये लम्पीच्या साथीनं पुन्हा बंदी आली. लम्पी गाई-बैलांचा आजार, घोड्यांना तो होत नाही, पण घोड्यांच्याही साथी असतात. 2008-09 मध्ये आपल्या देशात घोड्यांच्या इन्फ्लुएन्झाची साथ आली होती. ऑस्ट्रेलियात 2007 साली त्याच रोगानं शर्यती बंद पाडल्या, तेव्हा तिथल्या सरकारनं घोड्यांवर पोट असणाऱ्यांकरिता मदतीच्या योजना काढल्या. ब्रिटनमध्ये 2001 साली लाळ्या-खुरकुताच्या साथीमुळे चेल्टनहॅमच्या प्रसिद्ध शर्यती रद्द झाल्या. घोड्यांना लाळ्या-खुरकूत होत नाही, तरी त्या झाल्या नाहीत. म्हणजे न्यायालय असो, रोग असो, महापूर असो, दहा वर्षांत एक-दोनदा जत्रा रद्द होणारच, हे धरूनच हिशेब मांडला पाहिजे.

तो कसा मांडायचा? आमच्या अनुभवातून चार गोष्टी सांगतो. एक, चार महिन्यांच्या चंदीइतके पैसे बाजूला हवेत. आम्ही आता प्रत्येक वरातीमागे पाचशे रुपये वेगळ्या खात्यात टाकतो आणि त्या खात्याचं नावच चंदी ठेवलं आहे. दोन, फक्त एका बाजारावर विसंबू नये. नवी पिढी लग्नाआधी फोटो काढायला घोडी मागते, शाळेच्या स्नेहसंमेलनात शिवाजी महाराजांच्या देखाव्याला घोडा लागतो. ही लहान कामं वर्षभर चालतात. तीन, विमा. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या विम्यात घोडी-खेचरंही बसतात, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्रानं पशुपालकाचा हप्त्यातला वाटा 15 टक्क्यांवर आणला. त्याच वेळी घोडा, गाढव, खेचर, उंट यांच्या संगोपनाच्या उद्योगाला 50 लाखांपर्यंत 50 टक्के भांडवली अनुदान जाहीर झालं. ते मोठ्यांच्या कामाचं आहे, पण बचतगटही त्यात अर्ज करू शकतात. विमा जनावर दगावलं तर मिळतो, जत्रा दगावली तर नाही, हेही ध्यानात ठेवा. आणि चार, विकायची वेळ आली तर जनावर खंगायच्या आत विकावं.

सरकारी पशुगणनेनुसार देशात 2012 साली घोडे आणि तट्टू सव्वासहा लाख होते, 2019 साली ते तीन लाख चाळीस हजारांवर आले. हे टाळेबंदीच्या आधीचे आकडे आहेत. आपल्या दख्खनच्या भीमथडी घोड्याला अलीकडेच स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय मान्यता मिळाली, याचा आनंद आहे. पण घोडा टिकतो तो दाराशी रोज पहाटे उठून चंदी भिजवणारा माणूस टिकला तरच.

राणी आता म्हातारी झाली आहे, वरातीला जात नाही. वहीत तिच्या नावापुढे जमा काही नाही. गेल्या वर्षी मी दादांना विचारलं, हिचं काय करायचं? दादांनी तोबरा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आज तू चार." त्या दिवसापासून सकाळची तिची चंदी मी घालतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)